५१२ जीबीच्या लॅपटॉपवर मोकळी जागा फक्त ३९८ जीबी: उरलेली जाते कुठे?

चौकस
नुकताच नवा लॅपटॉप घेतला आहे. खोक्यावर, पावतीवर आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावर, तिन्ही ठिकाणी साठवणक्षमता ५१२ जीबी अशीच लिहिलेली आहे. विंडोज पहिल्यांदा सुरू करून तिने मागितलेले सगळे अपडेट पूर्ण होऊ दिले आणि स्वतःची एकही फाईल ठेवण्याआधी 'धिस पीसी' उघडून पाहिले, तर सी ड्राइव्हची एकूण क्षमता ४५५ जीबी आणि त्यातली मोकळी जागा ३९८ जीबी दिसते. म्हणजे ११४ जीबींचा मेळ लागत नाही. ड्राइव्ह सदोष आहे, कमी क्षमतेचा बसवला आहे, की यामागे काही रीतसर कारण आहे? 'सगळ्यांचे असेच दिसते' हे उत्तर मला ठाऊक आहे. मला हिशेब हवा आहे. रॅम १६ जीबी आहे, त्याचा काही संबंध असल्यास सांगावे.

घुबड
सगळ्यांचे असेच दिसते.

(आता जाणकारांनी हिशेब द्यावा, मी बसलो आहे.)

निरंजन
चौकस, या ११४ जीबींमध्ये तीन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय हिशेब लागणार नाही. पहिली गोष्ट एककाची. ड्राइव्ह बनवणारे जीबी म्हणतात तेव्हा त्यांना १०० कोटी बाइट अभिप्रेत असतात. विंडोज जीबी म्हणते तेव्हा ती १०२४ चा तीनदा गुणाकार करते, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटांना एक जीबी मानते. तुमच्या ड्राइव्हवर ५१,२०० कोटी बाइट आहेत. त्यांना विंडोजच्या एककाने भागल्यास ४७६.८४ येतात. म्हणजे सुमारे ३५ जीबींचा फरक केवळ भागाकारातून आला आहे आणि त्यात एकही बाइट कुठे गेलेला नाही.

खात्री करायची असेल तर सी ड्राइव्हवर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडावे. तिथे प्रत्येक आकडा दोनदा दिलेला असतो, आधी बाइटांमध्ये पूर्ण लांबीचा आणि त्याच्या पुढे जीबींमध्ये. त्या लांबलचक आकड्यातले शेवटचे नऊ अंक झाकले, की उत्पादकाच्या भाषेतले जीबी उरतात.

दुसरी गोष्ट विभागांची आणि तिसरी प्रत्यक्ष वापराची. त्यांवर सवडीने लिहितो.

घुबड
म्हणजे ३५ जीबी चोरीला गेल्याची तक्रार करायची असेल, तर आधी चोरी कोणत्या एककात झाली ते सांगावे लागणार.

अक्षांश
निरंजन यांचे गणित बरोबर आहे, पण 'एकही बाइट कुठे गेलेला नाही' या वाक्याने ग्राहकाचे समाधान व्हावे अशी अपेक्षा धरणे मला पटत नाही. ग्राहक बाइट मोजत नाही. तो खोक्यावरचा आकडा वाचतो, घरी येऊन पडद्यावरचा आकडा वाचतो आणि दोन्हींपुढे तीच दोन अक्षरे असतील तर ते दोन्ही सारखे असावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते. एका पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा आहेत, दुसरीवर इंचाच्या आणि दोन्हींवर छापले आहे सेंटिमीटर, असा हा प्रकार आहे. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत '१ जीबी म्हणजे १ अब्ज बाइट, प्रत्यक्ष उपलब्ध क्षमता कमी असू शकते' असे छापण्याची पद्धत आहे. पण ती सहजासहजी आलेली नाही. अमेरिकेत याच मुद्द्यावर ग्राहकांनी सामूहिक दावे लावले होते. त्यांपैकी वेस्टर्न डिजिटलवरचा २००६ साली आणि सीगेटवरचा २००७ साली तडजोडीने मिटला.

जुना_खेळाडू
अक्षांश, रोख योग्य आहे, पण तो चुकीच्या पक्षाकडे वळला आहे असे माझे मत आहे. चकती बनवणाऱ्यांनी एकक मध्येच बदलले, अशी समजूत दिसते. ती खरी नाही. आयबीएमने १९५६ साली पहिला व्यावसायिक चकतीसंच आणला, तेव्हा त्याची क्षमता ५० लाख अक्षरे अशी सरळ दशमान पद्धतीने सांगितली होती. चकतीवर किती वर्तुळे बसतील आणि प्रत्येक वर्तुळावर किती खंड मावतील, हे यंत्रकामावर ठरते. तिथे दोनाच्या घाताला काही विशेष स्थान नाही.

रॅमचे तसे नाही. तिथे पत्ता तारांवरून जातो. दहा तारा असतील तर १०२४ जागा निर्देशित करता येतात, अकरा असतील तर २०४८. म्हणून रॅम नैसर्गिकपणेच दोनाच्या घातात तयार होते. १०२४ हा आकडा हजाराच्या इतका जवळ होता की रॅमवाल्यांनी सोयीसाठी त्यालाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे दिवसभर रॅममध्येच वावरत असल्याने त्यांनी तीच मोजणी फायलींना आणि चकत्यांनाही लावली. तेव्हा घोळ घातला असेल तर तो त्यांनी.

अवांतर: या दोन पद्धतींची सरमिसळ पाहायची असेल तर १.४४ एमबीची फ्लॉपी पाहावी. दोन बाजू, प्रत्येकीवर ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळावर १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट, असे मिळून १४,७४,५६० बाइट होतात. एमबी म्हणजे दहा लाख बाइट मानले तर ती १.४७ एमबीची ठरते, १०२४ चा वर्ग मानला तर १.४१ ची. १.४४ हा आकडा यायचा असेल तर एमबी म्हणजे १०२४ गुणिले १००० बाइट मानावे लागतात. असा एमबी त्या फ्लॉपीखेरीज कुठे भेटल्याचे मला आठवत नाही. पुढे ७०० एमबीची सीडी द्विमान पद्धतीने मोजली गेली आणि ४.७ जीबीची डीव्हीडी दशमान पद्धतीने. त्यामुळे कोरी डीव्हीडी संगणकात घातल्यावर ४.३८ दिसायचे.

मनवा
अवांतर आवडले. पण यावर उपाय म्हणून वेगळी एककेही ठरवली होती ना? किबी, मेबी, गिबी अशी काहीतरी.

निरंजन
होय. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ च्या अखेरीस ती मान्य केली. १०२४ च्या घातांसाठी किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट आणि हजाराच्या घातांसाठी किलोबाइट, मेगाबाइट, गिगाबाइट, अशी स्वच्छ विभागणी तेव्हापासून उपलब्ध आहे. त्या हिशेबाने खोक्यावरचे ५१२ गिगाबाइट अचूक आहेत, तर विंडोजने दाखवलेला आकडा प्रत्यक्षात गिबीबाइटमध्ये असून त्यापुढे ती जीबी लिहीत आली आहे. त्यामुळे अक्षांश यांच्या उपमेत खोटी पट्टी कोणती, याबद्दल मी जुना_खेळाडू यांच्या बाजूने आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. हा फरक पायरीगणिक वाढतो. किलोला तो २.४ टक्के होता, मेगाला ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळपास १० टक्के आहे. फ्लॉपीच्या काळात तो कोणाच्या नजरेत भरला नाही आणि आज भरतो, याचे कारण एवढेच आहे.

रेवती
मॅकवर हा प्रश्न २००९ पासून निकालात निघाला आहे. स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून मॅकने ड्राइव्हची मोजणी दशमान केली. माझा बाहेरून जोडायचा १ टीबीचा ड्राइव्ह मॅकला १ टीबी आणि विंडोजला ९३१ जीबी दिसतो. ड्राइव्ह तोच, फायली त्याच. एखादी फाईल मॅकवरून विंडोजवर नेली की ती सात टक्क्यांनी बारीक होते, याचा पहिल्यांदा अनुभव घेणारे घाबरून पुन्हा प्रत काढतात.

टक्केटोणपे
लिनक्सवर तर एकाच आज्ञेची दोन उत्तरे मिळतात. 'डीएफ' या आज्ञेला लहान लिपीतला एच जोडला की ती १०२४ ने भागते आणि मोठ्या लिपीतला जोडला की १००० ने. शिवाय ईएक्सटी४ या फाईलप्रणालीत प्रशासकासाठी ५ टक्के जागा आपोआप राखून ठेवली जाते. १ टीबीच्या ड्राइव्हवर ती ५० जीबी होते. ज्या ड्राइव्हवर ऑपरेटिंग सिस्टिम नसून नुसती छायाचित्रे वा ध्वनिमुद्रणे ठेवायची आहेत, तिथे एवढ्या राखीव जागेची गरज नसते. 'ट्यून२एफएस' वापरून ती १ टक्का किंवा शून्यही करता येते. विंडोजवाल्यांना याचा उपयोग नाही, हे मान्य आहे. पण 'लिनक्स वापरा, जागा वाचेल' असे कोणी सुचवण्याआधी सांगून ठेवलेले बरे.

सूक्ष्मदर्शी
जुना_खेळाडू यांनी फिरत्या चकतीबद्दल लिहिले ते खरे आहे, पण चौकस यांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी फ्लॅश चिपांवर साठवणारा ड्राइव्ह असणार आणि तिथे गोष्ट उलटी होते. फ्लॅश चिपा रॅमसारख्याच दोनाच्या घातांत बनतात. ५१२ जीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ एसएसडींमध्ये चिपांची बेरीज ५१२ द्विमान जीबी, म्हणजे सुमारे ५५० अब्ज बाइट असते. त्यांतले ५१२ अब्ज आपल्याला दिले जातात आणि उरलेले जवळपास ३८ अब्ज बाइट ड्राइव्हचा नियंत्रक स्वतःकडे ठेवतो.

तो ते का ठेवतो, हे समजून घेण्यासारखे आहे. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या पानावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावे लागते आणि पुसायचे झाले तर शेकडो पानांचा आख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. त्या गठ्ठ्यातली कामाची पाने आधी दुसरीकडे हलवून मग तो रिकामा करायचा, हे काम नियंत्रक पाठीमागे सतत करत असतो आणि त्यासाठी त्याला मोकळे गठ्ठे हाताशी लागतात. कारखान्यातून सदोष निघालेले किंवा वापराने झिजलेले गठ्ठेही याच साठ्यातून बदलले जातात. २४० वा ४८० जीबी असे आकडे असलेल्या एसएसडी दिसतात, तेव्हा हा राखीव साठा आणखी मोठा ठेवलेला असण्याची शक्यता असते. म्हणून 'दडवलेली जागा परत मिळवा' अशा चित्रफिती पाहून कोणी ड्राइव्हच्या फर्मवेअरशी खेळू नये.

आणखी एक. ५१२ जीबीच्या ड्राइव्हवर साधारणपणे ५,१२,११,०१,९०,५९२ बाइट असतात. हा आकडा खंडांच्या संख्येसाठी उत्पादकांनी आपसांत ठरवलेल्या सूत्रातून येतो. म्हणजे जाहिरातीपेक्षा ११ कोटी बाइट जास्तच मिळाले आहेत.

घुबड
११ कोटी बाइट जादा मिळाल्याबद्दल चौकस यांचे अभिनंदन. आता मेळ न लागलेला आकडा ११४ जीबींवरून ११४.१ वर गेला आहे.

चौकस
घुबड यांचे आभार मानावेत की नाही, हे ठरवता आलेले नाही. बाकी सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रॉपर्टीजमधला बाइटांचा आकडा पाहिला. तो ४८८ अब्जांच्या आसपास आहे, म्हणजे एककाचा मुद्दा पटला. ३५ जीबींचा निकाल लागला. पण ४७७ वरून ४५५ कसे झाले आणि त्यातून पुढे ३९८ कसे झाले, हा प्रश्न उरतोच. हे ७९ जीबी तर खरोखर वापरात गेलेले दिसतात.

निरंजन
तिकडेच येत होतो. स्टार्ट बटणावर उजवी टिचकी मारून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या अर्ध्या भागात तुमचा ड्राइव्ह आडव्या पट्टीसारखा दिसेल आणि त्यात सी व्यतिरिक्त आणखी काही कप्पे असतील. डावीकडचा शेदोनशे एमबीचा कप्पा ईएफआयचा, तो संगणक सुरू होण्यासाठी लागतो. एक १६ एमबीचा कप्पा विंडोज राखून ठेवते, पण तो या खिडकीत दिसतच नाही. पुढे साधारण एक जीबीच्या आसपासचा विंडोजचा स्वतःचा रिकव्हरी विभाग असेल. एवढ्याने २२ जीबी भरत नाहीत, त्यामुळे माझा अंदाज असा की, तुमच्या उत्पादकाने कारखान्यातल्या स्थितीत परत नेण्यासाठी स्वतःचा वेगळा मोठा विभाग ठेवलेला असावा. या सगळ्यांची बेरीज सीमधून वजा होते.

मनवा
डिस्क मॅनेजमेंटचा विषय निघालाच आहे तर एक वेगळा प्रकार नोंदवते. ४ टीबीचा ड्राइव्ह जोडला असता विंडोज फक्त २०४८ जीबी वापरू देत होती आणि उरलेला भाग 'अनअ‍ॅलोकेटेड' म्हणून काळ्या पट्टीत दाखवत होती. विकणाऱ्याशी वाद घालण्याची तयारी पूर्ण झाली होती. कारण निघाले विभागतक्त्याचे. जुन्या एमबीआर पद्धतीत खंडांची संख्या ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे ५१२ बाइटांचा खंड धरल्यास २ टीबीच्या पुढचा भाग तिला दिसत नाही. ड्राइव्ह जीपीटी पद्धतीवर नेला आणि पूर्ण जागा मिळाली. मात्र डिस्क मॅनेजमेंटमधून हा बदल करायचा तर ड्राइव्हवरचे सगळे विभाग आधी काढून टाकावे लागतात, म्हणजे विदाही जातो. ड्राइव्ह कोरा असतानाच हे करावे.

रेवती
आता ४५५ ते ३९८ या ५७ जीबींकडे. माझ्या कामाच्या ठिकाणी विंडोजच आहे, त्यामुळे हा भाग परिचयाचा आहे. चौकस यांनी रॅमचा संबंध विचारला होता, तो इथे येतो. सी ड्राइव्हच्या मुळाशी 'हायबरफिल' नावाची लपवलेली फाईल असते. संगणक हायबरनेट करताना रॅममधला मजकूर तिच्यात उतरवला जातो. तिचा नेहमीचा आकार रॅमच्या ४० टक्के असतो, म्हणजे १६ जीबीला ६.४ जीबी. शेजारीच 'पेजफाइल' असते. रॅम अपुरी पडू लागली की विंडोज तिच्यात मजकूर ठेवते आणि तिचा आकार गरजेनुसार बदलत राहतो. त्याशिवाय २०१९ च्या १९०३ या आवृत्तीपासून पूर्वस्थापित विंडोज सुमारे ७ जीबी जागा भावी अपडेटसाठी अडवून ठेवते, ज्याला 'रिझर्व्ह्ड स्टोरेज' म्हणतात. उरलेले विंडोज स्वतः, उत्पादकाने भरलेली सॉफ्टवेअरे आणि नुकत्याच झालेल्या अपडेटांचे अवशेष.

'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'स्टोरेज' उघडले, की 'सिस्टिम अँड रिझर्व्ह्ड' या नोंदीखाली यातले बरेचसे आकडे वेगवेगळे दिसतात.

टक्केटोणपे
हायबरनेट वापरत नसाल तर 'पॉवरसीएफजी' या आज्ञेने ती फाईल पूर्णपणे काढता येते, पण त्याबरोबर 'फास्ट स्टार्टअप'ही बंद होते. ते हवे असेल तर त्याच आज्ञेने फाईल 'रिड्यूस्ड' करावी, म्हणजे ती रॅमच्या २० टक्क्यांवर येते.

सूक्ष्मदर्शी
एक इशारा. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'विनएसएक्सएस' नावाचे प्रचंड दिसणारे फोल्डर सापडेल आणि हात शिवशिवतील. त्यातल्या पुष्कळ फायली म्हणजे इतरत्र असलेल्या फायलींचीच दुसरी नावे आहेत. मजकूर ड्राइव्हवर एकदाच असतो, पण मोजणारा तो दोनदा मोजतो. ते फोल्डर हाताने पुसल्यास जागा अपेक्षेइतकी सुटत नाही आणि विंडोज मात्र मोडते. अपडेटांचे अवशेष काढायला 'डिस्क क्लीनअप'मधला 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' हा पर्याय पुरेसा आहे.

फाईलचा आकार आणि तिने व्यापलेली जागा यांतही फरक असतो, हे नोंदवून ठेवतो. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाईलप्रणालीत जागा सहसा ४ केबीच्या तुकड्यांत दिली जाते, त्यामुळे १ केबीची फाईलही ४ केबी खाते. मोठ्या पेनड्राइव्हवर एक्सफॅट असेल तर हा तुकडा १२८ केबीचा असू शकतो. अशा पेनड्राइव्हवर १ केबीच्या एक लाख फायली ठेवल्या तर मजकूर होतो सुमारे १०० एमबी आणि जागा जाते १२ जीबींहून अधिक.

घुबड
मला एकदा २ टीबीचा पेनड्राइव्ह नगण्य किमतीत मिळाला होता. विंडोजने बिनतक्रार पूर्ण क्षमता दाखवली. या धाग्यातला तो एकमेव प्रामाणिक उत्पादक म्हणायचा का?

मनवा
नाही. ती शुद्ध फसवणूक आहे. अशा पेनड्राइव्हच्या नियंत्रकात खोटी क्षमता भरलेली असते. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि ती भरली की नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा कुठेच लिहिला जात नाही. फायलींची नावे दिसत राहतात, उघडायला गेल्यावर कळते. 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ३' ही साधने पेनड्राइव्ह काठोकाठ भरून सगळे परत वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. ३५ जीबींचा जो फरक वर समजावला आहे आणि ही लबाडी, यांना एका मापाने मोजू नये.

अक्षांश
यावर पूर्ण सहमती. तरी माझा मूळ आक्षेप मी मागे घेत नाही, फक्त त्याची जागा बदलतो. एककाबद्दलचा वाद सोडून देऊ. पण पूर्वस्थापित विंडोजसह विकल्या जाणाऱ्या संगणकावर पहिल्या दिवशी मोकळी जागा किती उरेल, हे उत्पादकाला नक्की माहीत असते, कारण विंडोज आणि सॉफ्टवेअरांची ती तयार प्रत त्यानेच भरलेली असते. तो आकडा खोक्यावर का नसावा? ५१२ जीबीच्या ग्राहकाला हे चालून जाते. पण विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबी साठवणीची आहे, म्हणून ६४ जीबीचेही संगणक विकले जातात. एककाचा फरक क्षमतेच्या प्रमाणात असतो, विंडोजचा वापर मात्र प्रमाणात कमी होत नाही. ६४ चे आधी ५९.६ होतात आणि विंडोज, तिची राखीव जागा व रिकव्हरी वजा जाता निम्मी जागा उरली तरी पुष्कळ. त्या ग्राहकाला खोक्यावरचा आकडा काय कामाचा?

निरंजन
या स्वरूपातला आक्षेप मला मान्य आहे.

चौकस
सर्व सूचनांप्रमाणे पाहून आकडे जुळवले. एककाचा फरक ३५. विभागांमध्ये २२, त्यांतला २० जीबीचा एकटा विभाग उत्पादकाच्या रिकव्हरीचा निघाला, निरंजन यांचा अंदाज बरोबर होता. उरलेल्या ५७ मध्ये हायबरफिल ६.४, राखीव साठा ७, पेजफाइल अडीचच्या वर, विंडोज सुमारे २६ आणि बाकीचे १५ जीबी उत्पादकाची सॉफ्टवेअरे व अपडेटांचे अवशेष. बेरीज ११४ होते. अवशेष आणि नको असलेली सॉफ्टवेअरे काढल्यावर मोकळी जागा ४०९ जीबी झाली आहे.

एक शेवटची शंका. तो २० जीबीचा विभाग पुसून सीमध्ये मिळवता येईल का?

निरंजन
पुसता येईल, सीमध्ये मिळवणे मात्र सरळ नाही. डिस्क मॅनेजमेंट सीला लगेच उजवीकडे असलेल्या मोकळ्या जागेतच वाढवू शकते आणि बहुतेक लॅपटॉपांत सी आणि उत्पादकाचा विभाग यांच्यामध्ये विंडोजचा रिकव्हरी विभाग बसलेला असतो. मधला विभाग सरकवणारी बाहेरची साधने आहेत, पण ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचे ड्राइव्ह कुलूपबंद करणारे कूटलेखन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि मगच त्यांना हात घालावा. पुसण्याआधी उत्पादकाच्या साधनाने रिकव्हरीचा पेनड्राइव्ह तयार करून तो सुरू होतो की नाही, हेही तपासावे.

घुबड
पेनड्राइव्ह २ टीबीचा नको.

चौकस
ध्यानात ठेवले. तूर्त तो विभाग राहू देतो आणि हायबरफिल फक्त 'रिड्यूस्ड' करतो, त्यात तीन जीबी तरी सुटतील.

टक्केटोणपे
३.२. आणि ते द्विमान जीबी आहेत, दशमान मोजलेत तर ३.४ होतील.